छिद्र लहान, निर्णय मोठा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने आपल्या भगिनींचे पुष्कळ क्लेश कमी केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी गर्भाशयाच्या विकारासाठी पोटावर मोठा छेद घेतला जाई आणि पूर्ववत कामाला लागण्यास दीड-दोन महिने जात. आता बेंबीपाशी सेंटिमीटरभर छिद्र घेऊन कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवितात, कॅमेरा आत सोडतात आणि आणखी दोन-तीन बारीक छिद्रांतून उपकरणे चालवितात. बहुतेक भगिनी एक-दोन दिवसांत घरी परततात. नंतर खांदा दुखतो तो बहुधा या वायूमुळे, आणि काही दिवसांत थांबतो.

या तंत्राची झेप पुण्यात दिसली. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने आईचे गर्भाशय दुर्बिणीतून काढून मुलीच्या शरीरात बसविले. भारतातील ते पहिले गर्भाशय प्रत्यारोपण. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथेच अशा प्रत्यारोपित गर्भाशयातून एका दुसऱ्या मातेने कन्येला जन्म दिला.

एकीकडे या अवयवासाठी एवढा खटाटोप, तर दुसरीकडे आपल्या पेठेतील घरांत सहज ऐकू येते : "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? दुर्बिणीतून काढून टाकू, सीझनच्या आधी मोकळं होऊ." मला या वाक्याची चिंता वाटते. २०१९ मध्ये शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या दर हिवाळ्यात संगमनेर परिसरातही पडतात. त्यांच्यामागे मजुरी बुडण्याचे भय होते. आपल्याकडे केवळ सोय पाहिली जाते.

गर्भाशयासोबत बीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. फायब्रॉइडची गाठ असेल, तर अनेकदा केवळ गाठ काढून पिशवी राखता येते. अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, हार्मोनयुक्त तांबी आहे. म्हणून नाशिक किंवा पुणे येथे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. कर्करोगाची शंका असल्यास तर दुर्बिणीचा आग्रह आपण धरूच नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीपेक्षा पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचे परिणाम सरस ठरल्याचे २०१८ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले.

आणखी एक नाजूक गोष्ट. महिनोन्‌महिने रक्तस्राव अंगावर काढून काही श्राविका चातुर्मासात दीर्घ तपश्चर्याही करतात. हिमोग्लोबिन फार खाली गेले, की शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते किंवा रक्त चढवावे लागते. पचक्खाण घेण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी.

आता माझ्या प्रांतातील विषय. बँकेत असताना पाहिले, की गोदामातील मालाचा विमा एक दिवसही खंडित न होऊ देणारे व्यापारी घरातील स्त्रियांची पॉलिसी मात्र आजार निघाल्यावर घेण्यास धावतात. गर्भाशय काढणे, फायब्रॉइड यांसारख्या उपचारांना बहुतेक आरोग्य विम्यांत प्रतीक्षा कालावधी असतो, बहुधा दोन वर्षांचा. सोनोग्राफीत गाठ दिसल्यानंतर ती प्रस्ताव अर्जात लपविली, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. पॉलिसी पूर्वीपासून असेल, तर नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी कॅशलेसची मंजुरी घ्यावी आणि खोलीभाड्याची मर्यादा वाचावी. खोली वरच्या दर्जाची घेतली, की अनेक पॉलिसींत इतर खर्चही त्या प्रमाणात कापला जातो. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणी व काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल मागून घेऊन एका फाइलीत ठेवावा, आणि ती फाइल कोठे आहे हे त्या भगिनीला स्वतःला ठाऊक असावे.