माळावर जाताना पाठीवर काय घ्यावं

हिवाळा लागला की लातूर, उदगीर, सोलापूरकडच्या तरुण मंडळींचे फोन सुरू होतात. ‘गुरुजी, बिदरकडे काळवीट बघायला यायचंय. दिवसभरासाठी काय काय घेऊ?’ मी भालकीचा. मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालो. माळावर हिंडण्याचं वेड मात्र नोकरीच्याही आधीचं. त्यांना मी उलट विचारतो, ‘पाणी किती घेणार?’ बहुतेक जण उत्तर देतात ते कॅमेऱ्याचं.

पाण्याचा आग्रह का, हे इथली जमीन पाहिल्याशिवाय कळत नाही. बिदर शहर आणि होन्नीकेरीचं राखीव जंगल ज्या पठारावर आहे, ते लाल जांभ्याचं. पडलेला पाऊस या दगडात मुरतो, खालच्या काळ्या कातळाशी जाऊन अडतो आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. गुरुद्वाऱ्याजवळचा नानक झिरा आणि पापनाशचं कुंड हे असेच कडेचे झरे. बहामनी काळात नौबादला जमिनीखालून सुरंग बावी खणावी लागली, ती याच कारणानं: पाणी पोटात आहे, माथा कोरडा. माथ्यावर हिंडणाऱ्याला ओढा लागेल, विहीर लागेल या भरवशावर निघता येत नाही. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, मार्च उजाडला की चार ते पाच. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा पाठीवरचं निम्मं ओझं इथंच ठरून जातं. हे पाणी एकाच कॅनमध्ये भरू नये. लिटर-लिटरच्या बाटल्या घ्याव्यात, म्हणजे एक गळाली तरी दिवस वाया जात नाही, आणि किती उरलं ते नजरेला दिसत राहतं. सोबत मीठ-साखरेच्या पुड्या. बाकीची प्रत्येक वस्तू या वजनाशी भांडून पिशवीत जागा मिळवते.

या मुलखात रानात जाण्याची तयारी म्हणजे एके काळी केवढा पसारा होता! अहमदशहा वली बहामनी शिकारीला निघाला असताना एका कोल्ह्यानं त्याच्या कुत्र्यांवर उलटून हल्ला केला, ते पाहून त्यानं गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली, अशी कथा आमच्याकडे अजून सांगतात. त्यानंतर काही दशकांनी, १४७० च्या आसपास, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी बिदरात राहिला. सुलतान करमणुकीसाठी बाहेर पडतो तेव्हा सोबत दहा हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, सोनेरी चिलखत घातलेले दोनशे हत्ती, शंभर कर्णेवाले, शंभर नर्तक आणि मागून शंभर माकडं असतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. आकडे फुगवलेले असतील, पण रानात जाणं म्हणजे दरबार उचलून नेणं हा भाव त्यात स्वच्छ दिसतो. पुढे संस्थानिकांच्या काळात काळविटावर चित्ते सोडायची पद्धत फार फोफावली. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता बैलगाडीतून माळावर न्यायचा, कळप जवळ आला की टोपी काढायची. कोल्हापूरच्या दरबारानं तर आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून मागवले.

गरिबाच्या शिकारीचं सामान याच्या अगदी उलट. फासेपारधी माणूस माणसाळवलेल्या गाईच्या आडोशानं कळपाजवळ सरकायचा आणि फासे मांडायचा. आमच्या आजोबांकडे निजामाच्या राज्यात ठासणीची बंदूक होती. दारूचं शिंग, छर्ऱ्यांची थैली, पाण्याची छागळ आणि फडक्यात भाकरी, एवढंच घेऊन ते निघायचे. बंदूक गेली, छागळ कित्येक वर्षं घरात होती. आजोबांचं एक सांगणं मी आजही पाळतो: निघण्याआधी सगळं अंगावर चढवायचं आणि अंगणात खाली बसून उठायचं. उठताना काही खुळखुळलं, लोंबलं, टोचलं, तर ते काढून पुन्हा बांधायचं.

आज काळविटाची शिकार करता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकार म्हणजे काय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ठार मारण्याबरोबर पकडणं, फासे लावणं, पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच मानलं आहे. काही प्राण्यांसाठी पूर्वी मिळणारे परवाने १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाले. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. म्हणून पाहुण्यांची पिशवी मी या व्याख्येशी ताडून बघतो. ड्रोन असेल तर तो घरी ठेवायचा, कारण त्याच्या घरघरीनं कळप पळतो आणि पळवणं म्हणजे हाकणंच. पक्ष्यांचे आवाज वाजवायचा स्पीकर नको, हरणांना टाकायला बिस्किटं किंवा धान्य नको. पाळलेलं कुत्रं तर मुळीच नको. बंदूक नाही म्हणून आपण शिकारी नाही, हा समज मला मान्य नाही. हिवाळ्याच्या सकाळी चांगल्या फोटोसाठी मोटारसायकल घालून गाभण मादीला दोन शेतं पळवणारा माणूस माझ्या लेखी हाकाऱ्यांपैकीच एक.

मग काय घ्यायचं? आधी दुर्बीण. आठ बाय बेचाळीस या मापाची चांगली. यातला आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पुष्कळ जण दहापट किंवा बारापटीच्या मागे लागतात. पण जितकी पट जास्त तितका हाताचा कंपही मोठा दिसतो आणि दिसणारं क्षेत्र आक्रसतं. उघड्या माळावर कळप आधी सापडावा लागतो, त्याला रुंद दृश्यच हवं. शिवाय दहा-साडेदहानंतर जमीन तापली की हवा थरथरायला लागते, मग केवढीही मोठी लेन्स असो, लांबचं हरीण पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. म्हणून माळावरचं खरं काम सूर्योदयापासूनच्या तीन तासांचं आणि मग संध्याकाळचं. मधल्या वेळेत बसायचं असतं, आणि त्यासाठी माझ्या पिशवीतली दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे गोणपाटाचा तुकडा. जांभ्याच्या खड्यांवर आणि काट्यांवर तासभर न हलता बसणं त्याच्याविना शक्य नाही.

बसण्यावर मी इतका भर देतो त्याला कारण काळविटाचा स्वभाव आहे. त्याचं संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावू शकणाऱ्या प्राण्याच्या मागे चालून काही साधत नाही. पण काळा पडलेला जाणता नर आपली हद्द राखतो, ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालतो आणि पुन्हा पुन्हा तिथंच येतो. असा ताजा ढीग दिसला की लांबच्या बांधाआड, वारा आपल्याकडे येईल असं बसावं. बैलांमागे चालणाऱ्या शेतकऱ्याकडे कळप मान वर करूनही बघत नाही, पण वाटेत थबकून बोट दाखवणारा माणूस त्याला लगेच खटकतो. पारध्याची गाय का उपयोगी पडायची, ते यावरून कळावं.

कपड्यांचं थोडक्यात. खाकी, मळकट हिरवा, मातकट असे सुती कपडे. खुरवाल्या बहुतेक प्राण्यांना लाल-नारिंगी नीट वेगळा ओळखता येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून निळी जीन्स नको. डोक्याला टोपी किंवा टॉवेल घ्या. छत्री उघडली की अख्खा कळप उठतो. डिसेंबरच्या पहाटे बिदरच्या माथ्यावर चांगलीच हुडहुडी भरते आणि दुपारी घाम फुटतो, तेव्हा एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक बरे.

पायातलं जरा विचारानं घ्यायला हवं. एका दिवसात इथं दोन जमिनी लागतात. माथ्यावर जांभ्याचे गोल खडे, त्यावरून गुळगुळीत तळवा घसरतो. भालकी-औरादकडे उतरलं की काळी माती, आणि तिच्यावर सरभर पाऊस पडला की प्रत्येक बुटाला वीट बांधल्यासारखं चालावं लागतं. पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकतं, त्याची कुसळं मोज्यांत घुसून घोट्याची चाळण करतात. घोट्याच्या वर जाणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट आणि पोटरीला गुंडाळायला जाड कापडाच्या पट्ट्या एवढं पुरतं. बूट हवेत ते सापांसाठीही. या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आहेत, आणि दगडाआडचं फुरसं तर मातीच्याच रंगाचं. हातात काठी असावी. पाऊल टाकण्याआधी गवत हलवायला ती लागते. चावलंच, तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हात किंवा पाय काठीला धरून पट्टीनं सैलसर स्थिर करायचा आणि थेट बिदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठायचं. त्यासाठी एक रुंद पट्टी, चार्ज केलेला फोन आणि कुठल्या वाटेवर आहोत हे सांगून ठेवलेला घरचा माणूस, एवढं पाहिजेच.

जेवणात आमच्या कडक भाकरीला तोड नाही. पापडासारखी पातळ, खरपूस भाजून वाळवलेली ही ज्वारीची भाकरी कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी असते, सांडत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, एक कांदा, गुळाचा खडा. वास सुटणारा रस्सा नको, कुरकुरीत पाकिटं तर नकोतच. त्या पाकिटाचा आवाज माळावर फार लांब जातो.

चिंचोळीला जायचं असेल तर ही पिशवी बदलावी लागते. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे अभयारण्य तेलंगणाच्या हद्दीला लागून आहे. २०११ साली जाहीर झालं, क्षेत्र १३४.८८ चौरस किलोमीटर. दक्षिणेच्या कोरड्या मुलखात असं दाट पानझडी रान दुर्मीळच. चंद्रमपल्लीचा तलाव, कुंचावरमकडची झाडी, मधूनच लंबाणी तांडे. तिथं दुर्बिणीपेक्षा कान जास्त कामाला येतात, पाणी थोडं कमी घेतलं तरी चालतं, पण वनखात्याची परवानगी खिशात असल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. होन्नीकेरीलाही आधी वन कार्यालयात विचारूनच जावं. ओळखपत्र जवळ असावं.

माळावरची काळविटं मात्र बरीचशी राखीव जंगलात नसतात, ती शेतात असतात. हे नीट समजून घेतलं पाहिजे. खरिपात सोयाबीन, मूग, तुरीचे कोवळे कोंब आणि हिवाळ्यात हरभरा ती खातात. कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी एका रात्रीत उलटू शकते, आणि रात्र-रात्र जागणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याच्या हरभऱ्यात उभा असलेला कळप बघून आपण बांधावर ‘किती सुंदर!’ म्हणायचं, हे मला फार टोचतं. आधी त्या माणसाकडे जावं, ‘नमस्काररी’ म्हणावं, शेतातून जायची परवानगी मागावी. इकडे कन्नडमध्ये काळविटाला चिगरी म्हणतात, तो शब्द पाठ करून ठेवा. पुढचं बोलणं मराठीत, दखनीत, तुमच्या मोडक्या हिंदीत कसंही होतं. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद इकडे, आजच्या कर्नाटकाच्या बाजूला राहिले, पण सोयरिका दोन्हीकडे तशाच आहेत. कळपांनाही ती सीमा नाही. शेतकऱ्यानं चहा दिला तर नाही म्हणू नये. गेल्या आठवड्यात कळप कुठे बसत होता, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

शेवटी वही आणि पेन्सिल. शाई घामानं पसरते, पेन्सिलीला काही होत नाही. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रान हिंडलेले, पुढे तेच नागझिऱ्याच्या जंगलात निरखायला आणि टिपायला राहिले. मराठी वाचकाला याहून वेगळं उदाहरण शोधायला नको. वहीच्या पहिल्या पानावर १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक लिहून ठेवा, तो सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. आतल्या पानांवर कळपात नर किती, माद्या किती, पिल्लं किती, वेळ आणि गावाची शीव. त्याहून जास्त उपयोगाच्या नोंदी वेगळ्याच असतात: कुठे तारेचा फास दिसला, कुठे मोकाट कुत्र्यांची टोळी कळपामागे होती, कुठल्या शिवारात कठडा नसलेली विहीर आहे. रात्री पळताना हरणं अशा विहिरींत पडतात. त्या नोंदींची एक प्रत परतताना तालुक्याच्या वन कार्यालयात द्या आणि विहिरीचं शेत कुणाचं, तेही लिहा.