न ऐकणारा कुत्रा

‘कुत्रा मुळीच ऐकत नाही’ ही घराघरांतील तक्रार काही कुत्र्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी असते. त्यांना ऐकूच येत नाही. त्यातून तो कुत्रा पांढरा पिटबुल असला, की बहिरेपण उद्दामपणा ठरते आणि उद्दामपणाचे खापर वंशावर फुटते. मग त्याची रवानगी एखाद्या प्राणिआश्रमात होते.

पांढरा रंग आणि बहिरेपण यांचा संबंध मात्र काल्पनिक नव्हे. केसांना रंग देणाऱ्या पेशी अंतःकर्णातही असतात. त्या तेथे नसल्या, तर श्रवणपेशींना जगविणारा रक्तवाहिन्यांचा थर झडतो आणि पिलाची श्रवणशक्ती जन्मानंतर तीनचार आठवड्यांतच लोपते. अमेरिकेतील पाहणीत डाल्मेशियन जातीचे सुमारे ८ टक्के कुत्रे दोन्ही कानांनी व २२ टक्के एका कानाने बहिरे आढळले. अशी पिले मारून टाकावीत, असे त्या जातीच्या जाणकारांचेच मत दीर्घकाळ होते; बहिरा कुत्रा दचकून चावतो, हे त्याचे एक कारण.

दचकणे खरेच आहे. झोपेत पाठीवर अवचित हात पडला, तर असा कुत्रा दात दाखवील. एखाद्या स्पॅनिअलने तसे केल्यास घरचे हसण्यावारी नेतील. पिटबुलच्या ते जिवावर बेतते. म्हणून दत्तक घेणाऱ्याने त्याला उठविताना आधी जमिनीवर पाय आपटावा किंवा नाकाजवळ हात न्यावा. जागेपणी हलकेच स्पर्श करून लगेच खाऊ द्यावा. असे पुष्कळ दिवस केले, म्हणजे अवचित स्पर्श त्याला सुखाची वर्दी वाटू लागतो. आज्ञा हाताच्या खुणांनी द्याव्यात, अंधारात विजेरीने. माणसाचे हावभाव वाचण्यात कुत्रा मुळातच तरबेज असल्याने हे शिक्षण वाटते तितके अवघड जात नाही.

वंशाविषयीची भीती निराधार म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका पाळीव पिटबुलने घरच्याच वृद्धेचा बळी घेतला. परंतु २००७ मध्ये अमेरिकेत मायकेल व्हिक या फुटबॉलपटूच्या आवारातून झुंजीचे सुमारे पन्नास पिटबुल सोडविले गेले, तेव्हा ते सरसकट मारावेत असे काही प्राणिसंस्थांनीही सुचविले होते. एकेकाची परीक्षा झाली, तेव्हा उग्रतेपायी एकच मारावा लागला. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुलसह २३ जातींवर बंदीचे पत्र राज्यांना धाडले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. एकेकाला पारखणे कष्टाचे, जात पाहणे सोपे!

दत्तक घेण्यापूर्वी स्थानिक नियम पाहावेत आणि घरात लहान मुले असल्यास दोनदा विचार करावा. रस्त्यावर साखळी कधीही सोडू नये. गळपट्ट्यावर पत्त्याशेजारी ‘बहिरा’ ही तीन अक्षरे लिहावीत. चुकलेला असा कुत्रा हाकेने परतत नाही.