घर तपासायला कोण शिकणार?



वढू बुद्रुकच्या शिवारातील एका कातकरी कुटुंबाला घरकुल मिळाले. पाया भरला त्या दिवशी मी तिथे होते. मनात प्रार्थना केली, पेढे वाटले, फोटो काढला. पावसाळा सरल्यावर पुन्हा गेले, तर खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर गेली होती. त्या घरातली मुलगी नुकतीच दहावी झालेली. तिने विचारले, "ताई, घर तपासायला साहेब येतात, तसं व्हायला काय शिकावं लागतं?"

मला उत्तर देता आले नाही. मग एका अनुभवी अभियंत्यांकडे बसून समजून घेतले, ते तुम्हालाही सांगते.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. कातकरी समाजासाठी २०२३ पासून पीएम-जनमन योजनेत २ लाखांची तरतूद आहे. पैसे हप्त्यांनी येतात. प्रत्येक टप्प्याला बांधकाम पाहून जागेच्या नोंदीसह फोटो घेतला जातो. पण फोटोत भिंत दिसते, तिच्याखालचा पाया दिसत नाही. म्हणून तपासणाऱ्याची नजर तयार असावी लागते.

त्यासाठी मुख्य वाट स्थापत्य अभियांत्रिकीची. दहावीला गणित आणि विज्ञान घेऊन पास झाल्यावर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका करता येते. आयटीआयमध्ये दोन वर्षांचा आरेखक (स्थापत्य) हा अभ्यासक्रमही आहे. तिथे नकाशा वाचणे, मोजमाप आणि साहित्याचा अंदाज शिकवतात.

कागदावरचे शिक्षण झाले, तरी गवंड्याच्या हाताखाली काही महिने काढावेच लागतात. ओळंब्याने भिंत सरळ आहे का पाहायचे. टेपने खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले नाहीत, तर कोपरे काटकोनात नाहीत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. वाळू बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवली की गाळ वर बसतो. थर जाड असेल तर वाळू धुवायला सांगायची. काँक्रीटवर किमान सात ते दहा दिवस पाणी मारले जाते का, तेही पाहायचे.

आपल्या मुलीच्या घराखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरची भिंत चिरते. पाया खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेला होता का, हे खड्डा उघडा असतानाच पाहायला हवे होते. मी तिथे उभी होते, पण काय पाहायचे ते मला ठाऊक नव्हते. आता त्या चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख लिहिली आहे. चीर वाढते का, हे दर महिन्याला ती मुलगीच पाहते. तिचा पहिला धडा तो.

हे काम गावातल्या बाईला जमेल का, अशी शंका कोणाला येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' झाल्या. भूकंपात टिकेल असे घर कसे बांधायचे, हे त्या शिकल्या आणि दारोदार समजावत फिरल्या. घरातली बाई दिवसभर बांधकामापाशी असते; तिला कळले, तर चूक झाकली जाण्याआधी सापडते.

नहेम्यानेही आधी रात्री हिंडून यरुशलेमेचा कोट पाहिला, मगच बांधण्याचा विषय लोकांपुढे काढला.

त्या मुलीने पदविकेचा अर्ज भरला आहे. जातीचा दाखला मिळवताना बरीच धावपळ झाली. आता एसटीचा पास, चित्रकामाचे साहित्य आणि वसतिगृहाचा खर्च समोर आहे. मंडळीत कोणी अभियंते किंवा ठेकेदार असतील, तर त्यांनी सुट्टीत तिला आपल्या कामावर उभे राहू द्यावे. ही मदत पैशाइतकीच मोलाची आहे.

पुढच्या पायाभरणीला मी पेढे नेईनच. पण सोबत टेप आणि ओळंबाही असेल, आणि खड्ड्यात आधी तिला उतरू देईन.