रिकिबीचा पट्टा कसा निवडावा? स्वाराचा भार ज्यावर असतो त्या दोन पट्ट्यांविषयी

घोड्याचं सामान घेणारा माणूस खोगिराची चौकशी चार ठिकाणी करतो, लगाम निरखून बघतो. रिकिबीच्या पट्ट्यांपाशी आला की मात्र म्हणतो, "कुठलेही द्या, पट्टेच तर आहेत." खरं तर घोड्यावर चढताना स्वाराचा जवळजवळ सगळा भार काही क्षण एकाच पट्ट्यावर असतो. घोडा दौडत असताना पट्टा तुटला तर पायाखालचा आधार एकदम जातो. मुरलेला स्वार सावरेल, पण शिकणारं मूल त्याच बाजूला खाली येतं.

सुट्टीत मुलांना राइडिंगच्या क्लासला घालणारे पालक आता आपल्यातही वाढलेत. सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणि साज घेणारे शेतकरी आहेत. माथेरान-महाबळेश्वरला घोड्यावरच ज्यांचं पोट आहे, असे घोडेवाले आहेत. या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी ही माहिती आहे.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. मराठीतली 'रिकीब' म्हणजे अरबीतला 'रिकाब', उर्दूतला 'रकाब'. सोबत चालणाऱ्याला उर्दूत 'हमरकाब' म्हणतात, म्हणजे ज्याची रकाब आपल्या रकाबीला लागून आहे तो. जीन, तंग, लगाम हे शब्दही फारसीतून आपल्याकडे आले आणि जीन बनवणारे ते जीनगर. रिकीब ही पाय ठेवायची लोखंडी कडी. ती खोगिराला ज्या कातडी पट्ट्याने टांगतात, तो रिकिबीचा पट्टा. या लेखाचा विषय तोच.

मऊ म्हणजे नेमकं काय?

पट्टा मऊ हवा, हे बरोबर आहे. कडक पट्टा नडगीला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला घासतो, आणि पाय जागेवर राहत नाही. पण दुकानात जो पट्टा हाताला सगळ्यात मऊ लागतो, तो बऱ्याचदा सगळ्यात कमी टिकतो. याचं कारण कातड्यात आहे.

जनावराच्या पाठीवरचं आणि पुठ्ठ्यावरचं कातडं घट्ट विणीचं असतं. पोटाकडचं कातडं सैल, म्हणून मऊ, आणि ओढलं की लांबत जाणारं. पोटाकडचा तुकडा स्वस्त पडतो, म्हणून स्वस्त पट्टे त्यातून कापले जातात. ओळखायची सोपी रीत अशी: पट्टा बोटाभोवती गुंडाळा. चांगल्या कातड्यावर बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर जातात. सैल कातड्यावर जाड, फुगीर वळ्या पडतात. वाळलेल्या किंवा जुन्या मालावर बारीक भेगा दिसतात. फुगीर वळ्या किंवा भेगा दिसल्या तर पट्टा परत ठेवा, मग भाव कितीही चांगला असो.

दुसरी गोष्ट कातडं कमावण्याची. झाडांच्या सालींनी आणि फळांनी, म्हणजे बाभूळ, तरवड, हिरडा यांनी कमावलेलं कातडं सुरुवातीला थोडं ताठ असतं, पण वापराने आणि निगेने मऊ होत जातं आणि आकार धरून राहतं. क्रोमने कमावलेलं कातडं पहिल्या दिवसापासून मऊ असतं, पाणी बरं सोसतं, पण ते जास्त ताणलं जातं. रोजच्या स्वारीच्या पट्ट्यासाठी जुने कारागीर पहिल्या प्रकाराला पसंती देतात.

गाईचं, म्हशीचं की नायलॉन?

परदेशी बनावटीचे पट्टे बहुधा गाय-बैलाच्या कातड्याचे असतात. आपल्याकडे म्हशीच्या कातड्याचे पट्टे सर्रास मिळतात. खोगिराच्या कामासाठी नावाजलेलं शहर म्हणजे कानपूर. 1857 नंतर इंग्रजी फौजेच्या गरजेतून तिथे हे काम वाढलं, आणि आज 'कानपूर सॅडलरी'ला भौगोलिक मानांकन आहे. म्हशीचं कातडं मजबूत, सहसा न तुटणारं. त्याचा दोष एकच: नवं असताना ते बरंच ताणतं.

तिसरा प्रकार आतून नायलॉनची पट्टी आणि वरून कातडं. हा जवळपास ताणला जात नाही, म्हणून दोन्ही बाजू सारख्या राहतात. मात्र वरच्या कातड्याखाली आतली पट्टी झिजली तरी दिसत नाही, म्हणून टोकं आणि शिलाई तपासत राहावी लागते. नुसता नायलॉनचा पट्टा स्वस्त आणि भक्कम असतो, पण त्याची कड पायाला कापते आणि सतत उन्हात राहून नायलॉन कमजोर होतं. दिवसभर उन्हात घोडा उभा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुकानात काय काय बघायचं?

शिलाई: बक्कलजवळची शिलाई हा पट्ट्याचा प्राण. दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याने घातलेली हाताची शिवण उत्तम, कारण त्यात एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनची शिवण एका जागी तुटली की पुढे उसवत जाऊ शकते. टाके सरळ आणि कातड्यात दबलेले हवेत, वर उचललेले टाके घासून तुटतात.

बाजू: कातड्याला दोन बाजू असतात, केसाकडची गुळगुळीत आणि मांसाकडची खरखरीत. चांगल्या पट्ट्यात गुळगुळीत बाजू आत, रिकिबीच्या लोखंडाला घासणारी ठेवतात, कारण तीच जास्त चिवट असते. उलटा दिसला म्हणून तो पट्टा सदोष समजू नका.

बक्कल: स्टेनलेस स्टीलचं घ्या. मुलामा दिलेलं लोखंड पावसाळ्यात मुलाम्याखालून गंजतं आणि गंज कातडं खातो. बक्कलची जीभ भोकात सहज गेली पाहिजे आणि चौकटीवर नीट टेकली पाहिजे.

रुंदी आणि लांबी: मोठ्यांसाठी एक इंच रुंदी साधारण ठीक, लहान मुलांसाठी पाऊण इंच. पट्टा खोगिरावरून दुमडून लोंबतो, म्हणून लांबी मोजताना गफलत होते. मोठ्यांसाठी 54 इंची पट्टा बहुतेकांना पुरतो, उंच स्वाराला 60 लागतो आणि मुलांना 48 किंवा त्याहून कमी. अंदाजाची जुनी रीत अशी: पट्टा जिथे खोगिराला अडकतो तिथे बोटांची टोकं टेकवा आणि रिकीब आपल्या काखेपर्यंत ओढा. रिकीब काखेला पोचली की लांबी जवळपास बरोबर.

जोडी: दोन्ही पट्टे एकाच कातड्यातून कापलेले असावेत. दोन्ही एका खिळ्याला टांगा आणि भोकं समोरासमोर येतात का बघा. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर आजच परत करा, कारण वापराने तो वाढतच जातो.

लांबी असमान झाली तर घोड्याचं काय होतं?

हे फार कमी लोक विचारात घेतात. आपण घोड्यावर डाव्या बाजूने चढतो, म्हणून डावा पट्टा जास्त ओढला जातो आणि काही महिन्यांत उजव्यापेक्षा लांब होतो. मग स्वार नकळत एका बाजूला कलतो, खोगीर सरकतं आणि घोड्याच्या पाठीचा एकच भाग सतत दाबला जातो. पाठीला जखम झाली की घोडा चावतो, लाथ मारतो, आणि आपण म्हणतो घोडा तापट आहे. मुकं जनावर, बोलणार कसं?

उपाय साधा आहे. दर आठवड्याला डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करा. चढताना ओट्याचा किंवा दगडाचा आधार घ्या, म्हणजे पट्ट्यावर आणि घोड्याच्या पाठीवर ताण कमी येतो. नवा पट्टा पहिले काही आठवडे हमखास ताणतो, त्या दिवसांत रोज मापून बघा.

निगा आणि बदलायची वेळ

घोड्याच्या घामातलं मीठ कातडं कोरडं करतं. म्हणून स्वारी झाली की ओल्या, पिळलेल्या कपड्याने पट्टा पुसा आणि अधूनमधून खोगिराचा साबण लावा. पट्टा पाण्यात बुडवू नका. भिजलाच तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेलं कातडं चिरतं. तेल थोडंच लावावं. तेलात निथळवलेला पट्टा मऊ लागतो खरा, पण तो सैल पडतो आणि दोरा कुजतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात बुरशी येणारच, ती कोरड्या कपड्याने पुसून पट्टा हवेशीर जागी टांगून ठेवा.

पट्टा तीन जागी तपासायचा: बक्कलजवळची शिलाई, रिकीब लोंबते ती घडी, आणि नेहमी वापरात असलेलं भोक. टाका तुटला असेल तर पट्टा मोच्याकडे न्या आणि तोवर वापरू नका. घडीवर आडवी चीर गेली असेल किंवा भोक ओढून लांबट झालं असेल तर पट्टा बदला. एका पट्ट्याचं आयुष्य संपलं की जोडी बदलायची, एकटा नाही.

पालकांसाठी एवढंच

भाड्याच्या घोड्यावर मुलाला बसवण्याआधी वाकून पट्टा बघा. दोरीने किंवा तारेने बांधलेली रिकीब दिसली तर दुसरा घोडा मागा. दोन्ही रिकिबी सारख्या उंचीवर आहेत का बघा. मुलाच्या पायात चपला नकोत, थोड्या टाचेचा बंद बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही. बुटापेक्षा रिकीब साधारण एक इंच रुंद असावी, त्याहून अरुंद असेल तर पाय अडकतो. चांगल्या खोगिरात पट्टा अडकवायची लोखंडी कांब मागून उघडी असते. स्वार पडला आणि पाय अडकला तर पट्टा तिथून सुटून येतो आणि स्वार फरफटत जात नाही. ती कांब बंद किंवा बांधलेली असेल तर उघडी ठेवायला सांगा.

घोडेवाल्याला हे विचारताना आवाज चढवायची गरज नाही. चांगला घोडेवाला स्वतःच पट्टा वर करून दाखवतो, कारण त्याचंही नाव आणि रोजी त्याच पट्ट्यावर टांगलेली असते.