ऊन ठिपक्यांत नाही, शेजारात आहे

पॅरिसजवळ सीन नदीतल्या ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार जॉर्ज स्यूराने १८८४ ते १८८६ या काळात रंगवली. सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असलेलं हे चित्र आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: शुद्ध रंगांचे ठिपके लांबून डोळ्यांतच मिसळतात आणि पॅलेटवर कालवलेल्या रंगाहून तेजस्वी दिसतात. हे अर्धंच खरं आहे. ठिपके पुरते मिसळले, तर हाती येते फक्त त्यांची सरासरी. नारिंगी आणि निळा मिळून तर चक्क करडा उरतो. मग एवढं ऊन येतं कुठून?

ते येतं शेजारच्या रंगांमुळे. गोबलँ या विणकाम कारखान्यात रंगाई सांभाळणारे रसायनतज्ज्ञ शेव्रल यांच्याकडे काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार आली होती. खोट सुतात नव्हती, बाजूच्या रंगांत होती. शेजारचे रंग एकमेकांचं रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथात मांडला आणि पुढे स्यूराने तो अभ्यासला. चित्रात पुढची हिरवळ गडद सावलीत आहे आणि तिला लागूनच उजेडाचा पट्टा; सावलीच्या शेजारामुळे तो अधिक उजळ दिसतो. पुरावा आणखी एक आहे. उन्हातल्या गवतासाठी वापरलेला झिंकयुक्त पिवळा रंग काही वर्षांतच काळवंडून तपकिरी झाला. म्हणजे ठिपक्यांचं तेज गेलं, तरी ऊन आहे तिथेच आहे.

मग ठिपके उगाचच का? तसं नाही. मुळात चित्राचा बराच भाग साध्या फटकाऱ्यांनी रंगवलेला होता. ठिपके त्यावर नंतर आले. काही पावलांवरून ते अर्धवटच मिसळतात आणि पृष्ठभाग थरथरल्यासारखा वाटतो. उन्हाच्या झळेचा हा भास सपाट रंगाने साधत नाही. माणसं मात्र कठपुतळ्यांसारखी ताठ दिसतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कडा इतक्या ठाम नसत्या, तर उजेड-सावलीची ही टक्कर विरून गेली असती.

पडताळून पाहायचं असेल, तर चित्राची छापील प्रत घ्या आणि खालचा सावलीचा पट्टा तळहाताने झाका. वरचं ऊन किती मवाळ होतं ते पाहा.