चाळीस मिनिटांचा हंगाम

लेखमाला : मैदानाचं वेळापत्रक – भाग ५

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम मागच्या भागात पाहिला. फुटबॉल म्हणजे तो त्यांचा, चेंडू काखेत मारून धावायचा. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत बारा सामने, बहुतेक शनिवारी. पहिले तीन हरले तरी पुढच्या शनिवारी टीम पुन्हा उभी. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. 2011च्या जनगणनेतलं अख्खं बुलढाणा शहर तिथं नेऊन बसवलं तरी जागा उरेल.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजची कबड्डी टीम घ्या. तिचा हंगाम केवढा? वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. पहिल्याच सामन्यात हरलात की बॅगा भरायच्या. जून-जुलैपासून पहाटे गाळलेला घाम चाळीस मिनिटांत वसूल करायचा किंवा पुढच्या वर्षावर टाकायचा.

बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. 1983 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा असे पाच जिल्हे. स्पर्धा अमरावतीकडे असली तर बुलढाण्याहून सुमारे दोनशे किलोमीटर. गावाला रेल्वे नाही. एक तर एसटीने खामगाव-अकोला करत जायचं, नाही तर राजूर घाट उतरून मलकापूरला गाडी धरायची. फिजिकलच्या सरांच्या पिशवीत बारा पोरांचे फॉर्म, ओळखपत्रं, दहावीच्या सनदा. एक सनद घरी राहिली तर एक खेळाडू बाहेर. सरांना झोप येत नाही ती सामन्याच्या काळजीने नव्हे, या कागदांच्या काळजीने, असं माझं निरीक्षण आहे.

खरी अडचण पायाखाली असते. गावात सराव मातीवर, अनवाणी. स्पर्धा मॅटवर, बूट घालून. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी बसलो होतो. एका टीमचा चढाईपटू दुसऱ्याचे बूट घालून उतरला होता. एक माप मोठे, म्हणून आत दोन-दोन मोजे. पहिल्याच चढाईत त्याने वळण घेतलं, बूट वळला आणि पाय मागे राहिला. निदान रेषेपर्यंत तो पोचलाच नाही. चढाई करणाऱ्याने ती रेषा ओलांडली नाही आणि कुणाला स्पर्शही केला नाही, तर तो बाद. त्याला हात न लावताच समोरच्यांना गुण मिळाला. राखीव पोरांत बसलेला बुटांचा मालक कपाळाला हात लावून होता.

पुढे पोरगा सावरला. टीमच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसरी त्याच्याकडे आली. सलग दोन चढायांत गुण नाही, तर तिसरीत घ्यावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड सरकायला चार संधी मिळतात, त्यातल्या चौथीला जो ताण असतो तोच हा. फरक इतकाच की तिकडे अकरा जण मिळून पुढे सरकतात, इथे एकटा आत जातो आणि दम धरून तीस सेकंदांत परत येतो. या पोराने कोपरारक्षकाला पायाने टिपलं, पण टीम हरायची ती हरलीच. हंगाम संपला.

पण संपला तो कॉलेजचा. पोरांचा अजून बाकी असतो, आणि ही गंमत अमेरिकन पद्धतीत नाही. मैदानाच्या कडेला निवड समिती कागद घेऊन बसलेली असते. हरलेल्या टीममधलाही चांगला खेळाडू ती टिपते. पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांमधून विद्यापीठाचा संघ होतो आणि सराव शिबिर लागतं. ज्याने काल तुमचा घोटा धरून आपटलं, त्याच्याच हातात हात घालून आता साखळी करायची. म्हणून जाणती पोरं कॉलेजच्या चषकापेक्षा या निवडीवर डोळा ठेवून असतात. मला यात स्वार्थ दिसत नाही. चाळीस मिनिटांचा हंगाम लांबवायचा दुसरा मार्गच नसतो.

तिथून पुढे पश्चिम विभाग : महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. विद्यापीठाकडून खेळलेल्याला कलरकोट मिळतो आणि तो पुढे लग्नातही घातला जातो. अमरावतीला कबड्डीचा अभिमान तसा जुना. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिकडे जाऊन हा खेळ दाखवला होता. आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकं मिळायला लागली ती त्यानंतर 54 वर्षांनी, 1990च्या बीजिंगमध्ये.

त्या दिवशी संध्याकाळी निवडीची यादी वाचली तेव्हा आमचा चढाईपटू पायरीवर बसून बूट काढत होता. यादीत त्याचं नाव होतं, बुटांच्या मालकाचं नव्हतं. याने बूट पुढे केले. मालकाने एकदा बुटांकडे पाहिलं, एकदा याच्याकडे.

"ने लेका शिबिराले. पण धुऊन आनजो."