खोडू नका, एक रेघ मारा

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास औषधांचे व रसायनांचे अनेक कारखाने उभे आहेत. वलसाडजवळील अतुलच्या कारखान्याचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९५२ साली झाले. पुढे वापी, अंकलेश्वर व सुरतेनजीक सचिन येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. आमच्या गावांतील शिकलेली मुलेही आता तिकडे नोकरी शोधू लागली आहेत. गेल्या वर्षी अशाच एका मुलाच्या सोबतीस आम्ही सुरतेस गेलो होतो. तेथील अनुभव आईबापांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगत आहोत.

मुलाने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन एका लहान कारखान्यात दोन वर्षे काम केले होते. मुलाखती एका मोठ्या कंपनीच्या असून त्या रविवारी एका हॉटेलात ठेवल्या होत्या. आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. पोहोचलो तेव्हा शेदीडशे उमेदवार रांगेत उभे होते. कोणी खानदेशातून, कोणी सौराष्ट्रातून, कोणी थेट बिहारमधून आलेला. प्रत्येकाच्या हाती कागदांची पिशवी व ओठांवर पाठ केलेली उत्तरे.

प्रथम कागदपत्रे तपासली गेली. मूळ प्रमाणपत्रे घरी ठेवून नकला घेऊन आलेल्या दोघांना परत जावे लागले. नंतर लेखी परीक्षा झाली व दुपारी आमच्या मुलास आत बोलावणे आले. आत काय घडले ते त्याने परतीच्या गाडीत सांगितले.

समोर तिघे अधिकारी बसले होते. आरंभीचे प्रश्न पुस्तकी होते. लेप न दिलेली साधी गोळी पाण्यात किती वेळात फुटून विखुरली पाहिजे? “पंधरा मिनिटांत,” तो म्हणाला. एका औषधाचे काम संपवून त्याच यंत्रावर दुसरे सुरू करण्यापूर्वी काय पाहाल? “आधीची एकही गोळी, एकही लेबल तेथे उरलेले नाही, हे पाहीन व तशी नोंद करीन.” मग मधल्या अधिकाऱ्यांनी विचारले, “तुमच्या हातून कामात कधी चूक झाली आहे काय?”

रांगेतील अनुभवी उमेदवारांनी त्यास बजावले होते की, या प्रश्नास ‘नाही’ म्हणावे. मुलगा क्षणभर थांबला. घरी म्हातारे वडील, धाकट्या बहिणीची फी, हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे आले. तरी तो म्हणाला, “होय साहेब. एकदा वजनाचा आकडा चुकीचा लिहिला व घाबरून तो गिरवून बदलला. आमच्या वरिष्ठांनी ते पाहिले. चुकीवर एकच रेघ मारावी, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही व तारीख घालावी, असे त्यांनी मला शिकविले. तेव्हापासून मी तसेच करतो.”

अधिकाऱ्यांनी त्याच विषयावर आणखी पंधरा मिनिटे प्रश्न विचारले.

वाचकांस वाटेल, एका आकड्याचे एवढे काय? औषध घेणारा रोगी त्याची पारख करू शकत नाही. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले व टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी दुकानांपुढे गर्दी लोटली. त्या माणसांच्या हाती केवळ विश्वास होता. तो विश्वास कारखान्यातील नोंदवहीवर उभा असतो. २०१३ साली रॅनबॅक्सी या नामांकित भारतीय कंपनीस अमेरिकेत भेसळयुक्त औषधे व खोट्या माहितीबद्दल गुन्हा कबूल करून पन्नास कोटी डॉलर भरावे लागले. म्हणूनच मोठ्या कंपन्या उमेदवाराच्या ज्ञानाबरोबर त्याच्या खरेपणाचीही परीक्षा घेतात.

गाडीत मुलगा उदास होता. “काका, मी बोललो ते चुकले का?” त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “बाळा, नोकरी मिळो न मिळो, उद्या आठवावे लागेल असे खोटे तरी तू बोलला नाहीस.” तीन आठवड्यांनी पत्र आले. मागितलेली जागा मिळाली नव्हती. तिच्या खालची होती, पगारही थोडा कमी होता. घरात विचार झाला व तो रुजू झाला. आज तो तिन्ही पाळ्यांत काम करतो व महिन्यातून एकदा घरी येतो.

आईबापांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्या. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाच्या वाटेस जाऊ नये. आणि मुलास पाठ उत्तरे देण्यापेक्षा, झालेली चूक घरातच मोकळेपणी सांगण्याची सवय लावावी. ज्यास घरी चूक सांगता येते, त्यास परक्या साहेबापुढेही ती सांगता येते.